चित्रपटाची पदवी आणि घरावरचा बोजा

(माध्यमिक शाळांतील व्यवसाय-मार्गदर्शक शिक्षक आणि ग्रामपंचायत व पंचायत समिती सदस्य यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी भरविण्यात आलेल्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या कार्यालयात एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्याला टोपी, हातात एक गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका. खुर्चीवर बसताच त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "साहेब, हे कॉलेज सरकारमान्य आहे का, एवढंच बघून सांगा."

त्यांची मुलगी बारावी झाली होती आणि तिला चित्रपटाचे संकलन शिकावयाचे होते. मुंबईतील एका खाजगी संस्थेत तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम होता. शुल्क वर्षाला ४ लाख रुपये. बँक कर्ज द्यावयास तयार होती, मात्र तिने राहत्या घराचे कागद तारण म्हणून मागितले होते. मी मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहिली. संस्था मान्यताप्राप्त होती. तसे मी त्यांना सांगितले. ते उठले, नमस्कार केला आणि दाराशी जाऊन थबकले. "पोरीला नाही म्हणवत नाही साहेब, आणि कागद द्यायला हात धजत नाही," एवढे बोलून ते निघून गेले.

ते गेल्यावर मला चुटपुट लागून राहिली. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी बरोबर दिले होते. परंतु तो प्रश्नच अपुरा होता आणि ते माझ्या लक्षात यावयास हवे होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना निरोप पाठवून परत बोलावून घेतले. आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेतली आणि हिशोब मांडला. तोच हिशोब आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. कारण असे गृहस्थ माझ्याकडे येण्यापूर्वी गावातील गुरुजींकडे किंवा सरपंचांकडे जातात आणि योग्य सल्ला तेथेच मिळाला, तर त्यांना जिल्ह्याच्या गावापर्यंत हेलपाटा पडणार नाही.

चित्रपटाचा धंदा परका नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रपट शिकावयाचा म्हणजे पोर वाया गेले, असे मानणारी पिढी अजून आपल्यात आहे. ही भावना आपल्या इतिहासाला धरून नाही. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके हे १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. १९१२ साली चित्रपटाचे तंत्र समजून घेण्यासाठी ते लंडनला गेले, ते स्वतःचे विमापत्र गहाण टाकून. पुढे 'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लोकांसमोर आला.

म्हणजे या कलेच्या जन्मातच कर्ज आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु त्या कर्जाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. फाळक्यांनी उसन्या पैशातून यंत्र आणले आणि चित्रपट काढला. तो चित्रपट दाखवून पैसा परत येऊ लागला. पदवीसाठी काढलेल्या कर्जातून असा माल हाती येत नाही. हाती येते ते कौशल्य, आणि ते विकत घेणारा पुढे शोधावा लागतो. शिवाय एवढा थोर पुरुष १९४४ साली नाशिक येथे वारला, तेव्हा त्याची स्थिती ओढगस्तीची होती, हेही विसरता कामा नये. या व्यवसायात कीर्ती आणि प्राप्ती नेहमी हातात हात घालून चालत नाहीत.

दुसरी वाट कोल्हापूरची. तेथे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम ही मंडळी पडेल ते काम करीत शिकली. १९२९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. त्यांचे शिक्षण कामाच्या जागी, काम करता करता झाले. त्याच प्रभातच्या वास्तूत १९६० साली केंद्र सरकारने चित्रपट शिक्षणसंस्था सुरू केली. आज आपण तिला फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या नावाने ओळखतो. केरळातील एका खेड्यातून आलेल्या रसूल पुकुट्टी यांनी १९९५ साली तेथून ध्वनिविषयक शिक्षण पूर्ण केले आणि २००९ साली त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले.

तेव्हा गरिबाच्या मुलामुलींनी या वाटेस जाऊ नये, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. वाट चांगली आहे. शिदोरी किती बांधावी आणि ती कोणाकडून उसनी घ्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

हिशोबाची पहिली बाजू : कर्ज

आता त्या गृहस्थांचा हिशोब. शुल्क ४ लाख रुपये, तीन वर्षांचे १२ लाख. मुंबईत राहणे-जेवणे महिना १२ हजार धरले, तरी तीन वर्षांत ४ लाख ३२ हजार. राहण्याचा खर्च घरातून भागवावयाचा आणि शुल्कापुरते १२ लाखांचे कर्ज काढावयाचे, असे त्यांनी ठरविले होते.

शैक्षणिक कर्जाची सर्वसाधारण पद्धत अशी आहे. ४ लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास, नियमांत बसत असल्यास, शासनाच्या पतहमी योजनेचा आधार मिळू शकतो. त्यापुढील रकमेस बँक तारण मागते. शेतजमीन अशा कर्जासाठी बहुधा स्वीकारली जात नाही. त्यामुळे राहते घर, बिनशेती भूखंड किंवा मुदत ठेव यांवर पाळी येते. अभ्यासक्रम संपल्यावर साधारणतः एक वर्षाची सवलत असते व नंतर हप्ते सुरू होतात. परतफेडीस १५ वर्षांपर्यंत मुदत मिळते.

या सवलतीच्या काळाविषयी मोठा गैरसमज आहे. हप्ता थांबलेला असतो. व्याज थांबलेले नसते. व्याजाचा दर १० टक्के धरू. पहिल्या वर्षी उचललेल्या ४ लाखांवर चार वर्षांचे सरळ व्याज १ लाख ६० हजार, दुसऱ्या वर्षीच्या ४ लाखांवर तीन वर्षांचे १ लाख २० हजार आणि तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर दोन वर्षांचे ८० हजार. एकूण ३ लाख ६० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी १२ लाखांचे कर्ज १५ लाख ६० हजारांचे झालेले असते.

ते दहा वर्षांत फेडावयाचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे २० हजार ६०० रुपये येतो आणि एकूण भरणा पावणेपंचवीस लाखांच्या घरात जातो. पंधरा वर्षांत फेडावयाचे, तर हप्ता सुमारे १६ हजार ८०० रुपयांवर उतरतो, परंतु एकूण भरणा ३० लाखांवर जातो. मुदत वाढविली की हप्ता हलका होतो आणि कर्ज महाग होते, हा साधा नियम पालकांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

आकडा कागदावर उतरला, तेव्हा ते गृहस्थ बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. "बारा लाखांचे तीस लाख?" एवढेच त्यांनी विचारले.

हिशोबाची दुसरी बाजू : कमाई

इतर व्यवसायांत नेमणूक होते, पगार ठरतो, महिनाअखेर तो हाती पडतो. चित्रपट-व्यवसायात बहुतांश काम कंत्राटी स्वरूपाचे असते. एक चित्रपट संपला की दुसरा मिळेपर्यंत हात रिकामे. नवशिका पदवीधर सहाय्यक म्हणून सुरुवात करतो. संकलकाचा सहाय्यक, छायालेखकाचा सहाय्यक, दिग्दर्शकाचा तिसरा-चौथा सहाय्यक अशा पायऱ्या चढत जावे लागते. मालिकांच्या व्यवसायात केलेल्या कामाचा मोबदला ९० दिवसांनी देण्याची प्रथा आहे. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलमध्ये. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेस.

म्हणून या व्यवसायातील कमाई महिन्याच्या आकड्यावर मोजू नये, वर्षाच्या आकड्यावर मोजावी. समजा, एका सहाय्यकास काम असते त्या महिन्यात २५ हजार रुपये मिळतात आणि वर्षातील आठ महिने काम असते. वर्षाची कमाई २ लाख रुपये. बारा महिन्यांवर वाटली, तर महिना १६ हजार ६६७ रुपये. आता हप्ता पुन्हा पाहावा. पंधरा वर्षांच्या मुदतीचा हप्ता १६ हजार ८०० च्या घरात. म्हणजे मुलीची सगळी कमाई हप्त्यात जाणार आणि भाडे, जेवण, रेल्वेचा पास यांसाठी बापाने गावाहून पैसे पाठवावयाचे. आणि ती आजारी पडली, किंवा दोन महिने अधिक बसून राहावे लागले, तर हप्ता थकणार आणि बँकेची नोटीस तारण ठेवलेल्या घराच्या दारावर लागणार.

असा प्रसंग काल्पनिक मानू नये. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रीकरणे बंद पडली, ती काही महिने बंदच राहिली. रोजंदारीवरील तंत्रज्ञांची कमाई एका दिवसात थांबली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. परंतु त्या काळातील व्याजाची आकारणी चालूच राहिली होती.

हा प्रश्न केवळ आपल्याकडील गरिबांचा आहे, असेही नाही. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकाने तेथील शिक्षण खात्याच्या आकडेवारीवरून एक वृत्तान्त प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासारख्या नामांकित विद्यापीठातून चित्रपट विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आणि संघराज्य सरकारचे कर्ज काढलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर १ लाख ८१ हजार डॉलरांहून अधिक कर्ज होते. आणि पदवीनंतर दोन वर्षांनी त्यांच्यातील निम्म्यांची वार्षिक कमाई ३० हजार डॉलरांहूनही कमी होती. कर्ज कमाईच्या सहापट! विद्यापीठ जगप्रसिद्ध, शिक्षण उत्तम, विद्यार्थी हुशार. तरीही गणित जुळले नाही. मान्यता आणि नावलौकिक या गोष्टी हप्ता भरीत नाहीत, हा या उदाहरणाचा बोध आहे.

तेथे एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. कोणत्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांवर किती कर्ज आणि पुढे त्यांची कमाई किती, हे दोन्ही आकडे तेथील सरकार सर्वांना पाहावयास खुले ठेवते. आपल्याकडे पालकांना ही चौकशी स्वतः करावी लागते. तिच्यात त्यांना साहाय्य करणे हे आपले काम आहे.

संस्थेला विचारावयाचे प्रश्न

ही चौकशी कशी करावी? माझ्या मते पाच प्रश्न पुरेसे आहेत आणि ते लेखी विचारावेत.

पहिला, संपूर्ण अभ्यासक्रमाचे एकूण शुल्क किती आणि ते दरवर्षी वाढते काय? वसतिगृह, साहित्य, यंत्रसामग्रीचे भाडे आणि विद्यार्थ्याने करावयाच्या चित्रपटाचा खर्च त्यात धरला आहे काय? हा शेवटचा खर्च माहितीपत्रकात पुष्कळदा दिसत नाही आणि शेवटच्या वर्षी अंगावर येतो.

दुसरा, मिळणारे प्रमाणपत्र पदवीचे, पदविकेचे की केवळ संस्थेचे? 'अकादमी' किंवा 'स्कूल' या शब्दांना स्वतःची अशी मान्यता नसते. विद्यापीठाची पदवी असेल, तर पुढे शिक्षकी पेशा किंवा स्पर्धापरीक्षा यांची दारे उघडी राहतात.

तिसरा, पाच वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या तुकडीतील विद्यार्थी आज काय करीत आहेत? भिंतीवर छायाचित्र लावलेल्या एक-दोन यशस्वी विद्यार्थ्यांविषयी विचारू नये. सर्व तुकडीविषयी विचारावे. शक्य तर त्यांच्यापैकी दोघातिघांना प्रत्यक्ष भेटावे.

चौथा, विद्यार्थ्याच्या वाट्याला यंत्रे प्रत्यक्ष किती तास येतात? ही हाताने शिकावयाची विद्या आहे. पन्नास विद्यार्थ्यांमागे दोन कॅमेरे असतील, तर शुल्क कशाचे, हे विचारावयास हवे.

पाचवा, मधेच शिक्षण सोडावे लागल्यास शुल्क किती परत मिळते?

जी संस्था या प्रश्नांची सरळ उत्तरे देते, तिच्याविषयी विश्वास वाटावयास हरकत नाही. जी "आमच्याकडे शंभर टक्के काम मिळते" एवढेच म्हणून वेळ मारून नेते, तिच्याबाबत सावध राहावे.

कमी खर्चाच्या वाटा

आता त्या मुलीपुढे आणखी कोणत्या वाटा होत्या, ते पाहू.

पुण्याच्या संस्थेत संकलन, छायालेखन, ध्वनी, दिग्दर्शन, कलादिग्दर्शन अशा विषयांचे शिक्षण मिळते. कलकत्त्यास १९९५ सालापासून सत्यजित राय यांच्या नावाची अशीच केंद्रीय संस्था आहे. २०२५ साली या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथील प्रमुख अभ्यासक्रमांस कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेशपरीक्षेस बसू शकतो. काही शाखांस विशेष अटी असतात, त्या मात्र अगोदर पाहून ठेवाव्यात. जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी आहे, ही अडचण खरी. परंतु प्रथम गावाजवळच्या महाविद्यालयातून पदवी घ्यावी, त्या तीन वर्षांत वाचन, नाटक, छायाचित्रण यांचा सराव ठेवावा आणि मग परीक्षेस बसावे, या वाटेवर घराचे कागद पेटीतून बाहेर काढावे लागत नाहीत.

गावाजवळचे महाविद्यालय कमी दर्जाचे, असे समजण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतले. तेथे शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ चा 'फँड्री' आणि २०१६ चा 'सैराट' आपण सर्व जाणताच.

तिसरी वाट अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची. पुण्याच्या संस्थेने २०१७ सालापासून देशात ठिकठिकाणी असे अभ्यासक्रम घेण्यास सुरुवात केली. लाखो रुपयांचे कर्ज काढण्यापूर्वी काही आठवड्यांचा असा अभ्यासक्रम केला, तर मुलाची आवड चित्रपट पाहण्याची आहे की चित्रपट करण्याची, याचा उलगडा होतो. या दोन आवडी वेगळ्या आहेत.

शासकीय सवलतींबाबतही नेमकी माहिती असावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. परंतु ती यादीतील निवडक संस्थांपुरतीच आहे. मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी देण्याचा राज्य शासनाचा २०२४ चा निर्णय मुख्यतः केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. खाजगी विद्यापीठातील चित्रपट-अभ्यासक्रमास तो लागू होईल, असे गृहीत धरू नये. मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल घटकांच्या महामंडळांकडील कर्ज व व्याज-परताव्याच्या योजनांची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. प्रवेश घेऊन मग योजना शोधण्यापेक्षा योजना पाहून मग प्रवेश घेणे शहाणपणाचे.

किती कर्ज झेपेल?

एक ठोकताळा मी सुचवितो. शिक्षण पूर्ण होईल त्या दिवशी व्याजासह जेवढे कर्ज असेल, ते पहिल्या दोन वर्षांच्या अपेक्षित कमाईच्या बेरजेहून फार अधिक नसावे. वरच्याच अंदाजाने ही बेरीज ४ लाख येते. तीन वर्षांत मिळून ४ लाखांचेच कर्ज काढले, तर त्याच १० टक्के दराने ते शेवटी ५ लाख २० हजार होते आणि दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता ६ हजार ९०० च्या आत बसतो. १६ हजार ६६७ मधून तो भरल्यावर हाती पावणेदहा हजार उरतात. एवढ्यात मुंबईत राहणे कठीणच. पहिली काही वर्षे घरचा थोडा आधार लागेल. परंतु ही ओढाताण सोसण्याजोगी आहे आणि ती सोसताना घर गहाण पडलेले नाही.

कमाईची बाजूही बळकट करता येते. काम स्वीकारताना लेखी करार करावा. चित्रपट कामगारांस लेखी कराराचे संरक्षण देणारा कायदा संसदेने १९८१ साली केला आणि त्यातील विषय पुढे २०२० च्या श्रमसंहितांत समाविष्ट झाला. तोंडी शब्दावर काम करणाऱ्या नवशिक्याचे पैसे बुडतात, तेव्हा त्याच्याकडे दाखवावयास कागद नसतो. संकलन, ध्वनी, छायालेखन यांसारखे हातचे कौशल्य असेल, तर चित्रपट नसलेल्या महिन्यांत माहितीपट, जाहिराती, शैक्षणिक चित्रफिती यांचे काम मिळविता येते. केवळ 'दिग्दर्शक' होण्यासाठी निघालेल्या मुलाला हे समजावून सांगावे.

समारोप

त्या गृहस्थांचे काय झाले, असे आपण विचाराल. तिसऱ्या वेळी ते मुलीला घेऊन आले. मुलगी धीट होती. हिशोबाचा कागद तिने स्वतः पुन्हा मांडून पाहिला, माझी एक बेरीज दुरुस्तही केली आणि मग वडिलांना म्हणाली, "दादा, शिकायचं तर आहेच. पण घरावर नको." आज ती तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेत शिकत आहे. गावातील लग्नांच्या चित्रफिती जोडून देऊन ती थोडेफार मिळवते आणि पुण्याच्या परीक्षेची तयारी करते. तिला प्रवेश मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु न मिळाला, तरी तिच्या हाती पदवी असेल, कौशल्य असेल आणि डोक्यावर छप्पर असेल.

गुरुजनांना माझी विनंती आहे की, दहावी-बारावीच्या वर्गात वर्षातून एक तास या हिशोबासाठी द्यावा. व्याजाचे गणित मुले पाठ्यपुस्तकात शिकतातच. ते एकदा स्वतःच्या शिक्षणाच्या खर्चावर सोडवू द्यावे. पंचायत सदस्यांनी जामीनदार म्हणून सही करण्यापूर्वी कर्जाचा शेवटचा आकडा कुटुंबास मोठ्याने वाचून दाखवावा. स्वप्न पाहण्याचा अधिकार प्रत्येक मुलामुलीस आहे. त्या स्वप्नाची किंमत किती आणि ती कोण, किती वर्षे भरणार, हे अगोदर सांगणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.